विश्लेषण : आयर्लंडच्या शिळेपासून वारलीच्या तारप्यापर्यंत… सर्पिल नक्षी जगभर कशी? आणि ती नेमकी कुणाची?

पाच हजार वर्षांपूर्वीची थडगी, ग्रीक खांब, माओरी कोरीवकाम, वारली चित्रे आणि आपल्या मोबाइलचे कव्हर या सगळ्यांत एक आकार समान आहे. त्यामागचे गणित काय, त्याचे अर्थ काय आणि त्याच्या मालकीवरून वाद का होतात, याविषयी…

दिवाळीच्या फराळातली चकली, गाड्यावरची जिलेबी, पलंगाखाली जळणारी डासांची कॉइल, देवघरातला शंख. केंद्रापासून निघून गोल गोल फिरत बाहेर जाणारी रेषा आपण रोज पाहतो. हीच रेषा सजावटीच्या कलेत आली की तिला सर्पिल नक्षी म्हणतात. कुर्तीची किनार, भिंतीवरचा वॉलपेपर, विमान कंपनीचे बोधचिन्ह, गोंदण, टाइल्स आणि कानातले अशा अनेक ठिकाणी ही नक्षी दिसते.

महाराष्ट्रात तिचे सर्वांत ओळखीचे रूप म्हणजे वारली चित्रातले तारपा नृत्य. मध्यभागी तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळे घालत नाचणारी माणसांची साखळी. हे चित्र आता कप, पिशव्या, चादरी आणि हॉटेलांच्या भिंतींवरही पोहोचले आहे. मात्र ज्या पाड्यांवरून ते आले, त्यांच्यापर्यंत त्या विक्रीतले काय पोहोचते, हा प्रश्न आहे. असाच प्रश्न न्यूझीलंडमधील माओरी समाजाने आपल्या सर्पिल नक्षीबाबत काही दशकांपूर्वी विचारला. त्याला मिळालेली उत्तरे आपल्याकडेही उपयोगी पडणारी आहेत.

सर्पिल म्हणजे नेमके काय?

वर्तुळात केंद्रापासूनचे अंतर कायम राहते. सर्पिलात रेषा फिरते तसे हे अंतर वाढत किंवा कमी होत जाते. त्यामुळे वर्तुळ बंद असते, तर सर्पिलाला दोन टोके असतात. एक आत, एक बाहेर. गोल जिना किंवा स्क्रूचा आटा यांना बोलीभाषेत आपण सर्पिल म्हणतो, पण तो आकार वेगळा. तिथे केंद्रापासूनचे अंतर तेच राहते आणि उंची बदलते. त्याला मराठीत मळसूत्र हा नेमका शब्द आहे.

सपाट सर्पिलाचे दोन प्रमुख प्रकार कलेत दिसतात. पहिला चकलीचा. यात दोन वेढ्यांमधले अंतर सगळीकडे सारखेच असते. ग्रीक गणिती आर्किमिडीज यांनी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात या आकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, म्हणून त्याला आर्किमिडीजचे सर्पिल म्हणतात. दुसरा शंख-शिंपल्यांचा. यात प्रत्येक वेढ्यागणिक अंतर ठरावीक पटीने वाढत जाते. त्याला लॉगॅरिदमिक सर्पिल म्हणतात. याचे वैशिष्ट्य असे की, तो कितीही मोठा किंवा लहान केला तरी आकार बदलत नाही. शंखातला जीव वाढतो, पण शंखाचा घाट तसाच राहतो, तो यामुळेच.

स्वित्झर्लंडचे गणिती जेकब बर्नोली या दुसऱ्या प्रकारावर इतके लुब्ध होते की, तो आपल्या समाधीशिळेवर कोरावा अशी त्यांची इच्छा होती. १७०५ मध्ये त्यांचे निधन झाले. बाझल येथील चर्चमध्ये त्यांची शिळा आजही आहे. मात्र पाथरवटाने तिच्यावर चकलीच्या जातीचे, सारख्या अंतराचे सर्पिल कोरले. शंखाचे सर्पिल हाताने अचूक काढणे अवघड आणि चकलीचे सोपे, हे त्यामागचे साधे कारण असावे. जगातील बहुतेक हातकामात चकलीचे सर्पिल जास्त का दिसते, हेही यावरून लक्षात येते.

सर्वांत जुने नमुने कुठे आहेत?

आयर्लंडमधील बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाचे दगड-मातीचे प्रचंड थडगे आहे. ते इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा जुने मानले जाते. त्याच्या दारात आडव्या ठेवलेल्या शिळेवर सर्पिलेच सर्पिले कोरलेली आहेत. आतल्या दालनात एकमेकांत गुंतलेल्या तीन सर्पिलांची एक आकृती आहे, जेमतेम फूटभर आकाराची. डिसेंबरमध्ये वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या आसपास सूर्योदयाचे किरण दारावरच्या झरोक्यातून सुमारे १९ मीटर लांब बोळ पार करून थेट या दालनात येतात आणि साधारण १७ मिनिटे राहतात. पुरातत्त्वज्ञ मायकल ओकेली यांनी डिसेंबर १९६७ मध्ये हे प्रथम पाहिले आणि नोंदवले. १९९३ मध्ये या परिसराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

ही तिहेरी आकृती आज पदकांवर, अंगठ्यांवर आणि गोंदणात 'केल्टिक चिन्ह' म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात केल्टिक म्हणून ओळखली जाणारी कलाशैली आयर्लंडमध्ये पोहोचली ती न्यूग्रेंजनंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी. पुढे त्या शैलीनेही सर्पिलांचा भरपूर वापर केला, म्हणून दोन्हींची सरमिसळ झाली. नक्षी कुणाची, हा गोंधळ असा जुना आहे.

त्याच काळात किंवा त्याआधी पूर्व युरोपात, आजच्या रोमानिया, मोल्दोव्हा आणि युक्रेनमध्ये, कुकुतेनी-त्रिपिलिया संस्कृतीचे लोक मातीच्या मोठ्या भांड्यांवर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगात सर्पिले रंगवत होते. चीनच्या गान्सू भागातील माजियायाओ संस्कृतीच्या भांड्यांवरही भोवऱ्यासारखी वळणे आहेत. भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर तर एकातून दुसरे निघणाऱ्या सर्पिलांच्या सलग पट्ट्या भांड्यांवर आणि राजवाड्यांच्या भिंतींवर होत्या. तिथेच १९०८ मध्ये फायस्टोस येथे सापडलेल्या मातीच्या चकतीवरची चिन्हे सर्पिल ओळीत उमटवलेली आहेत. ती अजून कुणालाही खात्रीने वाचता आलेली नाहीत.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्यातले. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडाच्या सड्यावर प्राणी आणि माणसांच्या आकृत्यांसोबत एक मोठी गोलाकार आकृती कोरलेली आहे. अनेक जण तिला सर्पिल म्हणतात. पण ती चक्रव्यूहाच्या घाटाची आहे. सर्पिलात रेषा एकाच दिशेने फिरत राहते. चक्रव्यूहात वाट मध्येच उलटी वळते. दोन्ही आकार दिसायला भावंडे, पण रचना वेगळी.

एकच आकार सगळ्यांना कसा सुचला?

आयर्लंड आणि चीन यांच्यात पाच हजार वर्षांपूर्वी येणे-जाणे होते, असे कुणी म्हणत नाही. मग एकच आकार दोन्हीकडे कसा? याची उत्तरे दोन-तीन दिशांनी दिली जातात.

पहिले उत्तर हाताच्या कामाचे. गवताची दोरी किंवा वेताची पट्टी गुंडाळून टोपली विणायला घेतली की तळ सर्पिलच तयार होतो. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे घडवताना तेच होते. फिरत्या चाकावर बोटे दाबून माती वर ओढली की बोटांची खूण सर्पिल उमटते. तांब्याची किंवा सोन्याची तार गुंडाळली की दागिना तयार. डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ करताना कापडाला पीळ देऊन तेच केले जाते. म्हणजे हा आकार माणसाने आधी वस्तूत केला आणि मग नक्षी म्हणून उचलला, अशी शक्यता मोठी आहे.

दुसरे उत्तर जागेच्या हिशेबाचे. लांब वस्तू लहान जागेत बसवायची तर सर्पिलासारखा सोपा मार्ग नाही. ६ सेंटीमीटर व्यासाच्या आणि १ सेंटीमीटर जाडीच्या चकलीत साधारण २८ सेंटीमीटर लांबीचे पीठ मावते. डासांच्या कॉइलचा जन्म याच हिशेबातून झाला. जपानी उद्योजक एइचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये उदबत्तीसारखी सरळ कांडी बाजारात आणली. ती सुमारे ४० मिनिटांत संपायची. लांब कांडी मोडायची आणि जाड कांडीचा धूर फार व्हायचा. वेटोळे करण्याची कल्पना त्यांची पत्नी यूकी यांनी सुचवली, असे सांगितले जाते. १९०२ पासून सर्पिल कॉइल विकली जाऊ लागली आणि ती रात्रभर पुरू लागली. दोन कॉइल एकमेकींत अडकवलेल्या का मिळतात, याचेही उत्तर यातच आहे. एका सर्पिलाच्या वेढ्यांमधली रिकामी जागा दुसरे सर्पिल नेमकी भरून काढते.

तिसरे उत्तर मेंदूचे. १९२० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ हाइनरिश क्लूव्हर यांनी भ्रमावस्थेत माणसांना दिसणाऱ्या आकृत्यांची वर्गवारी केली. जाळी, कोळिष्टक, बोगदा आणि सर्पिल हे चार प्रकार पुन्हा पुन्हा आढळले. डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमा मेंदूत ज्या पद्धतीने मांडली जाते, तिच्या गणितातून हे आकार निघू शकतात, असे १९७९ मध्ये एर्मेंट्राउट आणि कोवन या संशोधकांनी दाखवले. मेंदूतली सरळ, तिरपी पट्टी डोळ्यांना सर्पिल म्हणून भासते. प्राचीन शिळांवरची सर्पिले अशा अनुभवांतून आली का, यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

उजवे की डावे?

सर्पिलाला दिशा असते आणि अनेक संस्कृतींनी दिशेला अर्थ दिला. आपल्याकडचा दक्षिणावर्ती शंख हे त्याचे ठळक उदाहरण. गंमत अशी की, ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणजे उजवीकडे वळणारा म्हणतो, त्याला प्राणिशास्त्रात डावा शंख म्हणतात. फरक शंख धरण्याचा आहे. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचे गोल वेढे असलेले टोक वर धरतात आणि तोंड कोणत्या बाजूला उघडते ते पाहतात. आपल्या परंपरेत निमुळते टोक वर असते. शंख उलटा धरला की तोंडाची बाजू बदलते, शंख मात्र तोच राहतो.

भारतीय शंखांमध्ये हा प्रकार अतिशय दुर्मीळ आहे, म्हणून त्याला मोठी किंमत येते. याचा गैरफायदाही घेतला जातो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका जातीच्या गोगलगाईचे शंख नैसर्गिकपणेच त्या दिशेचे असतात. ते दक्षिणावर्ती म्हणून विकले जातात. दिशा तीच, पण जात वेगळी आणि दुर्मीळताही नाही.

खांबावरून कॉफीच्या कपावर

युरोपच्या वास्तुकलेत सर्पिल स्थिरावले ते ग्रीकांच्या आयोनिक खांबामुळे. इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास या खांबांच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या कागदासारखी सर्पिले येऊ लागली. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस यांनी इसवी सनपूर्व पहिल्या शतकात ती काढण्याचे नियम लिहून ठेवले. कंपास ठेवून पाव वर्तुळ काढायचे, त्रिज्या थोडी कमी करायची, पुन्हा पाव वर्तुळ. अशा तुकड्यांनी सर्पिल पूर्ण होते. ड्रॉइंगच्या तासाला अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही याच जातीची कृती करतात.

१८९० च्या दशकात 'आर नूव्हो' शैलीने सर्पिलाला खांबावरून उतरवून घरभर पसरवले. ब्रसेल्समधील व्हिक्टर होर्टा यांच्या १८९३ च्या तासेल हाऊसमध्ये जिन्याचे कठडे, भिंती, फरशी सगळीकडे वेलीसारख्या वळणाऱ्या रेषा आहेत. ओतीव आणि घडीव लोखंड स्वस्त झाल्याने असे कठडे शक्य झाले होते. त्याच शहरातील स्टोक्ले यांच्या घरासाठी चित्रकार गुस्ताव क्लिम्ट यांनी १९०५ ते १९११ या काळात भित्तिशिल्पाची रचना केली. त्यातल्या 'जीवनवृक्षा'ची प्रत्येक फांदी सर्पिलात संपते. घर खासगी आहे. पण हे झाड जगभर कपांवर, पडद्यांवर आणि मोबाइल कव्हरवर दिसते. क्लिम्ट यांचे निधन १९१८ मध्ये झाले. त्यांच्या कलाकृतींवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली, म्हणून हा वापर कायदेशीर आहे.

'सोनेरी सर्पिला'चा दावा खरा आहे का?

समाजमाध्यमांवर एक दावा नेहमी फिरतो. शंख, सूर्यफूल, ग्रीक मंदिर, प्रसिद्ध चित्रे आणि बोधचिन्हे सगळी एकाच 'सोनेरी सर्पिला'त बसतात, असा. सोनेरी सर्पिल प्रत्येक पाव फेऱ्यात १.६१८ पट वाढते, म्हणजे पूर्ण फेऱ्यात सुमारे ६.८५ पट. ज्या नॉटिलस शिंपल्याचे चित्र यासाठी वापरले जाते, तो पूर्ण फेऱ्यात साधारण तीन पटच वाढतो. तो लॉगॅरिदमिक सर्पिल आहे, सोनेरी नाही. सूर्यफुलाची गोष्ट मात्र खरी आहे. त्याच्या बियांच्या उजव्या आणि डाव्या सर्पिल रांगा मोजल्या तर बहुतेकदा ३४, ५५, ८९ असे फिबोनाचीच्या मालिकेतले आकडे येतात.

माओरींचा 'कोरू' वादात का आला?

नक्षीच्या मालकीचा प्रश्न सर्वांत ठोसपणे विचारला गेला तो न्यूझीलंडमध्ये. तिथल्या माओरी कलेचा मूळ घटक म्हणजे 'कोरू'. नेच्याचे कोवळे पान उलगडण्याआधी जसे वेटोळे घालून असते, तसा हा आकार. नवे जीवन, वाढ असा त्याचा अर्थ. सभागृहाच्या वाशांवरच्या रंगीत पट्ट्या, होडीच्या नाळेवरचे जाळीदार दुहेरी सर्पिल, चेहऱ्यावरचे 'ता मोको' गोंदण या सगळ्यांत तो आहे. गोंदणात तर नाकावरची, गालावरची सर्पिले त्या माणसाचे कूळ आणि स्थान सांगतात. ती ओळख असते, हौस नव्हे.

एअर न्यूझीलंडच्या विमानांच्या शेपटीवर १९७३ पासून कोरू आहे. गॉर्डन वॉल्टर्स या युरोपीय वंशाच्या चित्रकाराने १९५० च्या दशकापासून कोरूवरून काळ्या-पांढऱ्या अमूर्त चित्रांची मालिका केली. ती गाजली. पुढे मात्र त्यांनी नक्षी घेतली आणि तिचा अर्थ सोडून दिला, अशी टीका झाली. दोन संस्कृतींमधला तो संवाद होता, असे म्हणणारेही होते.

२०११ मध्ये वाद हॉलीवूडमध्ये पोहोचला. मुष्टियोद्धा माइक टायसन यांच्या चेहऱ्यावरचे, माओरी शैलीवरून स्फुरलेले गोंदण 'द हँगओव्हर : पार्ट टू' या चित्रपटात दुसऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर दाखवले गेले. ते गोंदणाऱ्या अमेरिकी कलाकाराने स्वामित्वहक्काचा दावा ठोकला. चित्रपटाचे प्रदर्शन थांबले नाही, पण पुढे निर्मात्यांनी तडजोड केली. माओरी अभ्यासकांचा सवाल वेगळाच होता. ज्या परंपरेतून ही शैली आली, तिचा हक्क कायद्याला दिसत नाही. तिच्यावरून काढणाऱ्याचा हक्क मात्र दिसतो, हे कसे?

या प्रश्नावर त्या देशात आधीच काम सुरू होते. १९९१ मध्ये माओरी जमातींनी 'वाय २६२' नावाने ओळखला जाणारा दावा वैतांगी लवादापुढे दाखल केला होता. २००२ च्या ट्रेडमार्क कायद्याने माओरी सल्लागार समिती नेमण्याची तरतूद केली. माओरी चिन्ह किंवा शब्दावर आधारलेला ट्रेडमार्क आक्षेपार्ह ठरेल का, याचा सल्ला ही समिती देते. २०११ मध्ये लवादाचा अहवाल आला. त्याने एक उपयुक्त फरक केला. विशिष्ट जमातीच्या विशिष्ट कलाकृती, ज्यांचे राखणदार ठाऊक आहेत, त्यांच्या व्यापारी वापरात त्या राखणदारांचा शब्द चालला पाहिजे. कोरूसारखे सर्वसामान्य झालेले घटक मात्र कुणीही वापरावेत, फक्त अवमानकारक वापराला आक्षेप घेता यायला हवा. मालकीपेक्षा राखणदारीच्या नात्यावर दिलेला हा भर महत्त्वाचा ठरला.

तारप्याभोवतीचे सर्पिल काय सांगते?

वारली समाज मुख्यतः पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांत आणि लगतच्या गुजरात व दादरा-नगर हवेलीत राहतो. चित्रे ही मुळात लग्नाच्या विधीचा भाग. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने सवासिनी लग्नाचा चौक लिहितात. मध्ये पालघट देवी असते. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा एवढ्यावर सगळे चित्र उभे राहते.

तारपा हे वाळवलेला दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनवलेले फुंकवाद्य. पीक हाती आल्यावर रात्री त्याच्या सुरावर नाच होतो. तारपावाला मध्ये असतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती फिरतात. तो वळेल तसे ते वळतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. चित्रात ही साखळी सर्पिल होते.

या रचनेत मोठी सोय आहे. बंद वर्तुळात नवा माणूस घ्यायचा तर हात सोडावे लागतात. सर्पिलाला शेपूट उघडी असते. येणारा मागे जोडला जातो आणि साखळी वाढते. अंगण तेवढेच राहते, वेढे वाढतात. चित्रकारासाठीही तेच. लहानशा चौकोनात पन्नास माणसे काढली तरी प्रत्येक जण वेगळा दिसतो, कुणी कुणाच्या मागे लपत नाही. पुढारी कोण आणि शेवटचा कोण, हे नाचताना सतत बदलत राहते. मध्ये राजा नाही, वाजवणारा आहे.

१९७० च्या दशकात या चित्रांना कागद मिळाला. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी तो पाड्यांपर्यंत पोहोचवला. बिहारमधील मिथिलेच्या महिलांना कागदावर चित्रे काढायला प्रोत्साहन देणारेही तेच. डहाणूजवळच्या कलंबीपाड्यातील जिव्या सोमा मशे यांनी विधीच्या चौकटीबाहेर रोजचे जगणे रंगवायला घेतले. बायकांचे मानले जाणारे काम एका पुरुषाने हाती घेणे हीच नवी गोष्ट होती. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या 'मॅजिशियन्स द ला तेर' प्रदर्शनात ते होते. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्यासोबत त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. दगड आणि मातीची वर्तुळे मांडणारे लाँग आणि तारप्याची वेटोळी काढणारे मशे, असा तो योग होता. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

जीआय मानांकनाने नक्षी सुरक्षित होते का?

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळाले. त्यासाठी डहाणू भागातील आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला होता. मात्र जीआयबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. जीआय नावाला संरक्षण देतो, आकाराला नाही.

म्हणजे नोंदणी ज्या वस्तूंसाठी आहे, त्या वस्तू इतरत्र तयार करून 'वारली चित्र' या नावाने विकणे हा गुन्हा ठरू शकतो. कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. पण कुणी तारप्याचे सर्पिल छापून त्याला 'आदिवासी डिझाइन' असे नाव दिले, तर जीआयचा फारसा उपयोग नाही. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत हेच दिसले. तिला २०१९ मध्ये जीआय मिळाला होता. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये तशाच घाटाच्या चपला दिसल्या, तेव्हा वाद पेटला तो श्रेय न देण्यावरून. कारण कंपनीने 'कोल्हापुरी' हे नावच वापरले नव्हते.

मग स्वामित्वहक्क कायदा? भारतात तो कलाकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत असतो. त्यामुळे एखाद्या वारली कलाकाराचे विशिष्ट चित्र जसेच्या तसे स्कॅन करून कपावर छापले, तर तो हक्कभंग आहे. कलाकार किंवा त्याचे वारस दाद मागू शकतात. अडचण परंपरेची आहे. तारपा नृत्याचे सर्पिल पहिल्यांदा कुणी काढले, हे सांगता येत नाही. लेखक नाही, म्हणून हक्क नाही, मुदत नाही. क्लिम्टचे झाड मोफत आहे, कारण त्याचा कर्ता ठाऊक आहे आणि मुदत संपली. तारप्याचे सर्पिल मोफत आहे, कारण त्याचा कर्ता एक माणूस नाही.

आणखी एक फट आहे. औद्योगिक उत्पादनासाठीचे डिझाइन वेगळ्या कायद्याखाली नोंदवता येते. नोंदवता येण्याजोगे डिझाइन नोंदवले नाही आणि ते लावलेली वस्तू यंत्राने ५० हून अधिक वेळा तयार केली, तर त्या डिझाइनवरचा स्वामित्वहक्क संपतो. हाताने एकेक चित्र काढणाऱ्याला ही अट सहसा लागत नाही. पण आपले चित्र स्वतःच चादरीसाठी छापायला देणाऱ्या कलाकाराने करार आणि नोंदणी आधी पाहायला हवी.

आंतरराष्ट्रीय पातळीवर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची समिती २००० सालापासून पारंपरिक ज्ञान आणि लोककलांवर चर्चा करत आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हात एक करार झाला. मात्र तो जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानापुरता आहे. नक्षी, चित्रे, गोंदणे त्यात नाहीत.

खरेदी करताना काय पाहावे?

पहिली गोष्ट नाव. विक्रेत्याला चित्र कुणी काढले आणि कोणत्या गावचे, हे विचारावे. कागदावरच्या किंवा कापडावरच्या अस्सल चित्रावर बहुतेक कलाकार आता सही करतात. जीआयची अधिकृत वापरकर्ता नोंदणी आहे का, हेही विचारता येते.

दुसरी गोष्ट मोबाइलच्या कॅमेऱ्याने तपासता येते. चित्र झूम करून नाचणाऱ्यांची साखळी पाहावी. हाताने काढलेल्या चित्रात प्रत्येक माणसाची मान, पाय, दोघांमधले अंतर थोडे थोडे वेगळे असते आणि रेषेची जाडी बदलते. छापील नक्षीत एकच माणूस कॉपी-पेस्ट होऊन वेढाभर फिरलेला दिसतो. छापील वस्तू घेण्यात गैर काही नाही. पण तिची किंमत हातकामाची नसावी आणि तिला हातकाम म्हणून विकले जाऊ नये.

तिसरी गोष्ट डिझाइन करणाऱ्यांसाठी. छापील नक्षीत अनेकदा तारपावाला गायब असतो आणि साखळीची दोन टोके जोडून नुसते गोल केलेले असते. जागा भरायला ते बरे दिसते. मात्र ज्याच्याकडे पाहून सगळे नाचतात तोच नाही आणि नव्या माणसाला आत यायला जागाही नाही, असे ते चित्र होते. माओरी लवादाने केलेला फरक इथे लागू पडतो. सर्पिल सगळ्यांचे आहे. ते चकलीतही आहे आणि न्यूग्रेंजच्या शिळेवरही. तारप्याचा नाच मात्र एका समाजाचा आहे. तो वापरायचा तर त्याचे नाव घ्यावे, तो काढणाऱ्याला काम द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही.